हॅचरीतला प्रत्येक तास कासवाच्याच गरजेचा हवा

प्रति,
अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक, कांदळवन कक्ष, मुंबई
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वन अधिकारी
कासव महोत्सव भरवणाऱ्या ग्रामसमित्या आणि सर्व कासवमित्र

विषय: सागरी कासवांची अंडी, पिलं आणि जखमी कासवं माणसाच्या ताब्यात किती काळ व कशासाठी ठेवावीत

स. न. वि. वि.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हा कोकणात कासवाची अंडी ही खायची आणि विकायची वस्तू होती. आज आंजर्ले, कोळथरे, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर, तांबळडेग, वायंगणी अशा कितीतरी गावांत मादीचा माग दिसला की लगेच वनविभागाला फोन जातो. अंधारात पुळण चालणाऱ्या कासवमित्रांमुळे हे घडलं. हे काम टिकावं आणि वाढावं, म्हणूनच पुढचं सगळं लिहितो आहोत.

हॅचरी, म्हणजे अंडी आणून उबवण्यासाठी किनाऱ्यावर केलेलं कुंपण, हाही ताबाच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी हलवणं, बिघडवणं हेसुद्धा येतं. कोकणात अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले कासव (पुढे नुसतं रिडले) या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे अंडी उचलून कुंपणात नेण्याची आपली सगळी खटपट कायद्याच्या दृष्टीने मुळात मनाई असलेली गोष्ट आहे आणि ती फक्त संवर्धनासाठी दिलेल्या परवानगीवर चालते. परवानगीचं कारण संपलं की ताबाही संपायला हवा. अंडं सुमारे पन्नास दिवस आपल्याकडे असतं, पिलू काही तास, तर जखमी मादी कधी कधी महिनोन्महिने. या तिन्ही ठिकाणी आपण कुठे रेष ओलांडतो, ते एकेक करून सांगतो.

सुरुवात अंड्यांपासून. माग सापडला की अंडी उचलायचीच, अशी सवय बऱ्याच किनाऱ्यांवर पडली आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या सागरी कासव तज्ज्ञ गटाने हॅचरी हा शेवटचा पर्याय मानला आहे. घरटं भरतीरेषेच्या वर असेल, वाळू खचत नसेल आणि रात्री दोन माणसं तिथून फेरी मारणार असतील, तर ते जागच्या जागी राखावं. कुत्री, कोल्हे आणि रानडुकरं यांच्यापासून राखण्यासाठी घरट्यावर साधारण सव्वा मीटर लांब-रुंद जाळी आडवी पसरून तिच्या कडा वीत-दीड वीत खोल पुराव्यात. भोकं १० बाय ५ सेंटिमीटरची, म्हणजे पिलू सहज वर येतं आणि कुत्र्याचं तोंड आत जात नाही. जाळी प्लास्टिकची किंवा बांबूची घ्यावी. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाच्या पिंजऱ्याने घरट्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं हे मोजलं गेलं आहे, आणि समुद्रात दिशा ठरवताना पिलं त्याच क्षेत्राचा आधार घेतात.

उधाणाचं पाणी घरट्यापर्यंत येतं, धूप चालू आहे, किंवा राखण शक्यच नाही, अशा वेळी अंडी हलवावी लागतात. तेव्हा घड्याळ महत्त्वाचं. अंडी घातल्यापासून दोन तासांच्या आत हलवणं उत्तम, सहा तासांपर्यंत चालतं. त्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू लागतो आणि अंडं फिरलं तर तो मरतो. सकाळी दहाला सापडलेलं रात्री अकराचं घरटं ‘सुरक्षित’ म्हणून पिशवीत भरणं हा अंड्यांचा घातच आहे. समुद्र ते नक्की नेणार असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करावी, ती बाजू वरच ठेवून उचलावं आणि तशीच खाली ठेवावं. मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून खडकाळ रस्त्याने नेणं पूर्ण बंद करावं. बादलीत तळाला घरट्यातलीच ओली वाळू घालायची, वर ओलं फडकं, आणि चालत जायचं. हाताला डासांचं मलम लागलेलं नको.

नवा खड्डा करण्याआधी जुना मोजायचा: सर्वांत वरचं अंडं किती खोल, तळ किती खोल. रिडलेचं घरटं साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर खोल असतं, वर मान अरुंद आणि खाली पोट रुंद. हाताने खणलं तरच हा आकार येतो. फावड्याने बादलीसारखा सरळ खड्डा निघतो, मग अंड्यांची उतरंड बदलते आणि वरच्या थरातली अंडी सुकतात. अंड्यांवर आधी ओली वाळू, मग कोरडी. दोन घरट्यांमध्ये किमान एक मीटर अंतर हवं. जागा कमी पडते म्हणून हातभर अंतरावर लावलेल्या घरट्यांत शेवटच्या पंधरवड्यात, गर्भ वाढीला लागल्यावर, उष्णता साठते आणि प्राणवायू कमी पडतो. न फुटलेल्या अंड्यांचा दोष मग मादीवर किंवा हवामानावर ढकलला जातो.

एकाच जागी वर्षानुवर्षं हॅचरी ठेवण्याचंही तसंच आहे. जुनी कवचं आणि कुजलेली अंडी वाळूत राहतात, बुरशी आणि मुंग्या तिथे ठाण मांडतात. जागा दर हंगामाला सरकवावी. तेवढी पुळण नसेल तर निदान घरटी बसतात त्या खोलीपर्यंतची वाळू काढून भरतीरेषेजवळची स्वच्छ वाळू भरावी, आणि हे काम पावसाळ्याआधी उरकावं. सुरूच्या बनाला टेकून हॅचरी करू नये, कारण मुळं थेट अंड्यांत शिरतात.

सुरूचा दुसरा त्रास सावलीचा. पिलू नर होणार की मादी हे उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागातल्या तापमानावर ठरतं. ढोबळमानाने ३० अंशांच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त, आणि ३५ अंशांच्या वर वाळू बराच काळ राहिली तर गर्भच मरतात. नैसर्गिक किनाऱ्यावर डिसेंबरची घरटी, मार्चची घरटी, उघड्यावरची, वेलींखालची असं वैविध्य असतं. ती सगळी उचलून एका कुंपणात एकाच उन्हात ठेवली, की एका गावाच्या पूर्ण हंगामाची पिलं एकाच लिंगाकडे झुकू शकतात आणि वीस वर्षं कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, डेटा लॉगर, दर हॅचरीत किमान तीन हवेत: एक घरट्याच्या मध्यभागी, एक दोन घरट्यांमधल्या रिकाम्या वाळूत ४५ सेंटिमीटरवर, एक कुंपणाबाहेर मादीने निवडलेल्या पट्ट्यात त्याच खोलीवर. दर तासाला एक नोंद पुरते. आतली आणि बाहेरची वाळू यांत एक अंशापेक्षा जास्त फरक सतत दिसला तर शेडनेट लावायची किंवा काढायची. अंदाजाने ‘ऊन फार आहे’ म्हणून सगळ्यावर हिरवी जाळी टाकणं हे न टाकण्याइतकंच धोक्याचं आहे.

आता पिलं. हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

अंड्यातून सुटल्यावर पिलं दोन-तीन दिवस वाळूतच असतात. सगळी मिळून वर सरकतात, आणि वरची वाळू थंड झाल्याची जाणीव झाली की एकदम बाहेर येतात. म्हणूनच बहुतेक पिलं रात्री निघतात. १५ ते २० ग्रॅमच्या त्या जिवाच्या पोटात थोडं पीतक, म्हणजे अंड्यातला पिवळा बलक, उरलेलं असतं. तेवढ्या शिदोरीवर त्याला पुळण ओलांडायची असते, लाटा फोडायच्या असतात आणि सुमारे एक दिवस-रात्र न थांबता पोहून किनाऱ्याजवळच्या भक्षकांच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं असतं. वाळूतून डोकं वर आलं त्या क्षणी हा आवेग सुरू होतो. समोर समुद्र असो की टोपलीची भिंत, पाय चालूच राहतात.

रात्री साडेनऊला निघालेली पिलं पाहुण्यांसाठी ठरवलेल्या सकाळी सातच्या ‘सोडण्याच्या वेळे’साठी टोपलीत ठेवली, म्हणजे साडेनऊ तास ती भिंतीला धडका देत राहतात. मलेशियातल्या सबाहमध्ये हिरव्या कासवांच्या पिलांवर झालेल्या अभ्यासात हॅचरीत अडकून राहिलेली पिलं नंतर हळू पोहतात असं दिसलं आहे. सकाळी सोडलेलं पिलू आपल्या डोळ्यांसमोर लाटेत शिरतं, टाळ्या पडतात. पण ते शिदोरी संपवून, उजेडात, कावळे-घारी-कुरव जागे असताना, दर दिवशी त्याच जागी आणि त्याच वेळी सोडलं गेलेलं असतं. माशांनाही ती जागा आणि वेळ कळते.

यातली काही नुकसानं हेतूपूर्वक नसतात, माहिती नसल्याने होतात. टबात समुद्राचं पाणी भरून पिलं ठेवणं हे सर्वांत वाईट, कारण पाण्यात ती पोहतात आणि सगळी ताकद तिथेच जाते. कोरड्या प्लास्टिकच्या बादलीत ती सुकतात. टोपलीवर सकाळी आठनंतर ऊन आलं तर आतली पिलं तासाभरात मरू शकतात. काही कारणाने थांबवावंच लागलं, उदाहरणार्थ भर दुपारी निघाली, तर थंड ओलसर वाळू घातलेली उथळ पेटी घ्यावी, वर ओलं कापड, पूर्ण अंधार, हात लावायचा नाही, आणि सूर्य मावळला की लगेच सोडायचं. अंधारात ती शांत पडून राहतात.

आमची पहिली ठोस मागणी अशी. प्रत्येक हॅचरीच्या वहीत दोन रकाने सक्तीचे करावेत: पिलं वर आल्याची वेळ आणि सोडल्याची वेळ. आज बहुतेक ठिकाणी तारीख आणि संख्या लिहिली जाते, वेळ नाही. फुटण्याच्या बेतात असलेल्या घरट्यांवर (४५व्या दिवसापासून, किंवा वरची वाळू खचून बशीएवढा खळगा पडला की) संध्याकाळी सहा ते सकाळी सहा दर अर्ध्या तासाने लाल टॉर्चने पाहणी व्हावी. रात्री वर आलेली पिलं तासाच्या आत सोडावीत. दर वेळी जागा बदलावी, आधीच्या जागेपासून किमान शंभर पावलं दूर. पिलं पाण्यात टाकायची नाहीत, ओल्या वाळूच्या पाच-दहा मीटर वर ठेवायची आणि चालू द्यायची. समोरच्या पट्ट्यातले माणसांचे ठसे आधी फळीने सपाट करायचे. टाचेच्या खड्ड्यात उलटं पडलेलं पिलू सरळ होण्यात बरीच ताकद घालवतं. हॉटेलांचे किनाऱ्याकडचे दिवे तेवढा वेळ बंद.

रात्रपाळीला माणूस लागतो, माणसाला मानधन लागतं, हे उघड आहे. त्या पैशाची तरतूद नसेल तर हॅचरी उघडूच नये, इतकं स्पष्ट आम्हाला म्हणायचं आहे. अंडी उचलायला माणूस आहे आणि पिलं सोडायला नाही, अशी व्यवस्था संवर्धन या नावाला पात्र नाही.

मग महोत्सवाचं काय? गावात फेब्रुवारी ते एप्रिल पाहुणे येतात, घरगुती राहणं-जेवण चालतं, आणि त्या उत्पन्नामुळेच अंडी चोरीला जाणं थांबलं. तो आधार काढून घ्या असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण पाहुण्याला ‘सकाळी सात, संध्याकाळी सहा’ असं वचन देणं थांबवता येतं. त्याऐवजी ठरल्या वेळी दाखवता येईल अशी एक गोष्ट प्रत्येक हॅचरीत आहेच: घरटं उकरून तपासणं. पिलांचा मोठा लोंढा निघून गेल्यावर ४८ तासांनी घरटं उकरतात, फुटलेली कवचं मोजतात (अर्ध्यापेक्षा मोठा तुकडा म्हणजे एक अंडं), न फुटलेली अंडी आणि आत मेलेली पिलं वेगळी लावतात. हे शास्त्रीय काम करावंच लागतं, दिवसा करता येतं आणि मुलांना त्यातून पिलू दिसण्यापेक्षा जास्त कळतं. अधूनमधून तळाशी अडकलेलं जिवंत पिलूही सापडतं. ते ओलसर वाळूच्या पेटीत ठेवून अंधार पडताच सोडायचं. त्याशिवाय, खळगा पडलेलं घरटं असेल त्या रात्री दहा-दहा जणांचा गट, फ्लॅश नाही, मोबाइल खिशात, अशी राखणफेरी ठेवता येईल. दोन रात्री राहिलेल्या पाहुण्याला पिलू दिसेल किंवा दिसणार नाही. जंगलात वाघाबाबत लोक हे मान्य करतात, पुळणीवर का करणार नाहीत?

एक सूचना दर वर्षी कुठून तरी येते: पिलू हजारात एखादंच जगतं म्हणतात, मग वर्षभर टाकीत वाढवून ताटलीएवढी झाली की सोडू. ऐकायला बरी वाटते. हा प्रयोग रिडलेच्याच भावकीत होऊन गेला आहे. मेक्सिकोच्या रांचो नुएव्होहून केम्प्स रिडलेची अंडी अमेरिकेत टेक्सासला नेली गेली आणि गॅल्व्हेस्टनच्या प्रयोगशाळेत १९७८ ते १९९२ दरम्यान पिलं वर्षभराची होईपर्यंत वाढवून समुद्रात सोडली. सुरुवातीच्या अनेक वर्षांची पिलं थंड उबवणीमुळे बहुतांश नर निघाली. पाळीव पिलांत चावाचावी, बुरशीचे आणि जिवाणूंचे आजार, तुकड्यांच्या खाद्याची सवय हे सगळं सांभाळावं लागलं. पुढे त्यातल्या काही माद्या टेक्सासच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडल्या, हे खरं. पण १९८५ साली ७०२ घरट्यांपर्यंत घसरलेली ही जात सावरली ती मुख्यतः मूळ किनाऱ्यावरची राखण आणि कोळंबीच्या ट्रॉलला बसवलेली कासव-सुटका चौकट यांमुळे. आपल्या मोठ्या रिडले जाळ्यांत मरत असताना टाकीत पिलं वाढवणं म्हणजे गळक्या हौदात वरून पाणी ओतणं. कोकणात असा एकही प्रकल्प मंजूर होऊ नये.

ताबा नेहमीच चुकीचा, असं मात्र आमचं म्हणणं नाही. सुंदरबनातली बटागूर बास्का ही खाडीतली कासवं जंगलात जवळपास दिसेनाशी झाली होती. सजनेखालीच्या केंद्रातल्या तळ्यात मोजकी प्रौढ कासवं उरली होती, त्यांच्यापासून प्रजनन सुरू झालं आणि जानेवारी २०२२ मध्ये दहा कासवांना उपग्रह टॅग लावून नदीत सोडलं. तिथे प्रौढच नव्हते, म्हणून बंदिवासाला पर्याय नव्हता. आपल्याकडेही २०२२ पासून काही माद्यांना उपग्रह टॅग लावण्यासाठी अंडी घातल्यावर थांबवून ठेवलं गेलं. गोंद सुकायला तेवढे तास लागतातच. त्या बदल्यात काय मिळालं? गुहागरहून २०२३ मध्ये निघालेली बागेश्री नावाची टॅग लावलेली मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. त्याहून साधं उदाहरण म्हणजे २०२१ मध्ये ओडिशात पायाला धातूचा टॅग लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरलाच अंडी घालताना आढळली. दोन किनाऱ्यांची कासवं एकमेकांत मिसळतात हे कळलं, आणि धातूचा टॅग लावायला तर मिनिटभर पुरतं. असा ताबा आम्हाला मान्य आहे, कारण तो मोजून घेतलेला आहे.

शेवटी जखमी कासवं. जून ते सप्टेंबर वाऱ्याबरोबर सोडून दिलेल्या जाळ्यांचे गुंते किनाऱ्याला लागतात आणि त्यांत पुढचा पर, म्हणजे वल्ह्यासारखा पाय, कापला गेलेल्या रिडले सापडतात, कधी हिरवी कासवं, कधी हॉक्सबिल कासवं. लोक मायेने त्यांना परत समुद्रात ढकलतात. थकलेलं कासव मान वर धरू शकत नाही आणि बुडतं. सावलीत ठेवावं, ओलं कापड टाकावं, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, जाळं कापावं पण रुतलेली दोरी किंवा गळ ओढू नये. हालचाल नसेल तर मेलं असं धरू नये. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करावी, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं. काही तासांनी कासवं शुद्धीवर आल्याची उदाहरणं आहेत.

डहाणूच्या कासव उपचार केंद्रासारख्या केंद्रांमुळे उपचार शक्य झाले आहेत. आमची काळजी त्यापुढची आहे, ‘बरं होईपर्यंत’ या शब्दांना तारीख नसते. समुद्रात शेकडो किलोमीटर जाणारा प्राणी काही मीटरच्या टाकीत फिरत राहतो, कवच भिंतीला घासतं, शेवाळ चढतं, आणि हळूहळू तो केंद्राची ओळख होऊन बसतो. म्हणून प्रत्येक कासवाची फाइल हवी आणि दर १५ दिवसांनी पशुवैद्यकाने त्यात एक ओळ लिहावी: अजून इथे का? सोडण्याचे निकष साधे आहेत. जखम भरली आहे, वजन वाढतं आहे, जिवंत मासळी पाठलाग करून पकडतं, आणि तळाला जाऊन स्वस्थ बसू शकतं. शेवटचा निकष सर्वांत महत्त्वाचा, कारण पोटात किंवा कवचाखाली हवा अडकलेलं कासव तरंगत राहतं आणि ते बोटींखाली येतं. एक पर गेलेलं कासव जंगली आयुष्य जगू शकतं, त्याला सोडावं. दोन्ही पुढचे पर गेले असतील तर सोडणं क्रूरपणा ठरेल.

अशा प्राण्याचं काय, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. सहा महिने झाले आणि निकष पुरे झाले नाहीत, की उपचार करणाऱ्या केंद्राबाहेरचे दोन पशुवैद्यक आणि एक सागरी कासव अभ्यासक यांनी निर्णय द्यावा. पर्याय तीन असतील: मुदत ठरवून उपचार, मोठ्या मत्स्यालयात कायमची सोय, किंवा बरा होण्यापलीकडे गेलेल्या प्राण्याला वेदनामुक्त मरण. तिसऱ्यासाठी कायद्याच्या कलम ११ मध्ये मुख्य वन्यजीव रक्षकाला अधिकार आहे. तो अधिकार वापरायला धैर्य लागतं आणि प्रेमही.

पहिल्या माद्या नोव्हेंबरच्या सुमारास येऊ लागतात. त्याआधी, ऑक्टोबरअखेर, कांदळवन कक्षाने लेखी सूचना काढाव्यात: जागच्या जागी घरटं राखण्याला प्राधान्य, हलवण्याचं कारण आणि वेळ वहीत, रात्री तासाच्या आत सुटका, जाहिरातीत सोडण्याची ठरलेली वेळ नको, दर हॅचरीत तीन लॉगर, केंद्रांतल्या कासवांचा पंधरवड्याचा आढावा. दोन रकाने वाढवलेल्या वहीचा नमुना आम्ही तयार ठेवला आहे, मागणी येईल त्या गावाला तो देऊ आणि खड्डा हाताने कसा खणायचा ते दाखवायला स्वतः येऊ.

आपले,
कोकण किनाऱ्यावर काम करणारे सागरी कासव अभ्यासक व कासवमित्र